तुमचा आधीचा आकडा काय?

रविवारी रात्री दीडच्या सुमारास मला आडवं पडवेना. आधी एक उशी घेतली, मग दोन, मग भिंतीला टेकून बसले तरी श्वास वरच्यावर अडकत होता, छातीत मात्र अजिबात दुखत नव्हतं. हे उठले, दिवा लावला, माझा चेहरा बघितला आणि काही न बोलता फाईल शोधायला लागले.

माझं वय ७१. डायबेटिसने किडन्या गेल्या, चार वर्षं झाली हिमोडायलिसिस, म्हणजे मशीनने रक्त शुद्ध करणं, चालू आहे, सोमवार बुधवार शुक्रवार. म्हणजे शुक्रवारनंतर थेट सोमवार, मधे दोन दिवसांची सुट्टी, आणि आमच्यासारख्यांना तीच सुट्टी सगळ्यात जड जाते हे मला तेव्हा माहीत नव्हतं. नंतर कळलं की अमेरिकेत ३२ हजारांच्या आसपास डायलिसिस पेशंटचा अभ्यास झाला होता, २०११ साली छापून आला, त्यात या लांब गॅपनंतरच्या दिवशी मृत्यूही जास्त आणि हार्टच्या त्रासाने ॲडमिट होणंही जास्त असं स्पष्ट दिसलं होतं.

कॅज्युअल्टीत ईसीजी काढला, रक्त घेतलं, ऑक्सिजन लावला. तासाभराने एक तरुण डॉक्टर आले आणि म्हणाले, आजी, तुमचं ट्रोपोनिन ६८ आलंय, नॉर्मल १४ पर्यंत असतं, हार्ट अटॅक असू शकतो, ॲडमिट करून अँजिओग्राफी करावी लागेल. यांच्या हातात माझी पिशवी होती, ती त्यांनी खाली ठेवली आणि परत उचलली. मी त्यांच्याकडे बघतच राहिले, कारण चार वर्षांत युरिया, क्रिएटिनिन, पोटॅशियम सगळं तोंडपाठ झालं होतं पण ट्रोपोनिन हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होते.

मग कोणीतरी माझ्या किडनीच्या डॉक्टरांना फोन लावला. स्पीकरवर होता म्हणून मीही ऐकलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, यांचा आधीचा ट्रोपोनिनचा आकडा काय होता? कोणाकडेच नव्हता. माझी फाईल चांगली दोन इंच जाड आहे, पण त्यात हार्टचं रक्त एकदाही तपासलेलं नव्हतं. मग ते म्हणाले, तीन तासांनी परत करा आणि तोवर वजन किती आहे बघा. वजन भरलं ५५.९. माझं ड्राय वेट, म्हणजे पाणी साठलेलं नसतानाचं वजन, ५२, म्हणजे जवळजवळ चार किलो पाणी अंगात साठलेलं. तीन तासांनी ट्रोपोनिन ७० आलं. डॉक्टर म्हणाले, आकडा जास्त आहे पण चढत नाहीये, हा अटॅक नाही वाटत, हे पाणी आहे, डायलिसिसला घ्या.

सकाळी डायलिसिसला २.६ लिटर पाणी काढलं आणि बाकीचं दुसऱ्या दिवशी जादा सेशन घेऊन काढलं. मी म्हटलं एकदाच सगळं काढून टाका ना, तर टेक्निशियन दादांनी समजावलं की तासाला किलोमागे १३ मिलीच्या वर ओढलं तर हार्टवरच ताण येतो, मग बरं करायला जाऊन वेगळंच काहीतरी व्हायचं. त्या दिवशी दुपारी मी एका उशीवर आडवी पडून झोपले, ती झोप अजून आठवते.

पुढच्या आठवड्यात मी डॉक्टरांना म्हटलं, मला हे ट्रोपोनिन नीट समजावून सांगा, कारण तो एक आकडा ऐकून आम्ही दोघं खचून गेलो होतो. त्यांनी वेळ दिला, त्याबद्दल मी त्यांची कायम ऋणी राहीन. त्यांनी सांगितलं ते असं, की ट्रोपोनिन हे हार्टच्या स्नायूतलं प्रोटीन, स्नायूला इजा झाली की रक्तात उतरतं, म्हणून अटॅक ओळखायला वापरतात. पण डायलिसिसच्या बहुतेक पेशंटना, त्यात वय जास्त असेल तर आणखीच, ते कायमच वाढलेलं असतं. वर्षानुवर्षं बीपी आणि पाण्याचा भार घेऊन हार्टची भिंत जाड झालेली असते, त्या जाड स्नायूला रक्त कमी पडतं, बारीक बारीक इजा चालूच राहते, शिवाय किडनी ते बाहेर टाकत नाही तो भाग वेगळा. म्हणून आमच्या बाबतीत एका आकड्यावरून अटॅक आहे की नाही हे ठरत नाही. काही तासांत तो किती हलला ते बघायचं, आधीच वाढलेला आकडा २० टक्क्यांहून जास्त चढला किंवा उतरला तर ताजी इजा धरतात. माझा ६८ चा ७० झाला म्हणजे तीन टक्के.

मी लगेच म्हटलं, मग किडनीमुळेच वाढलेलं असतं तर सोडून द्यायचं का? त्यावर ते खुर्ची पुढे ओढून बसले. म्हणाले, हीच चूक बरेच जण करतात. कायम वाढलेलं आहे म्हणजे निरुपद्रवी आहे असं नाही, ज्यांचा नेहमीचा आकडा जास्त त्यांना पुढच्या काही वर्षांत धोका जास्त, हे इतक्या अभ्यासांत दिसलंय की अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि टेस्ट यांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेने, २००४ सालीच डायलिसिस पेशंटचा पुढचा धोका ओळखायला ट्रोपोनिन टी वापरायला मान्यता दिली. म्हणजे एकाच टेस्टची दोन कामं आहेत, आज अटॅक आहे का हे सांगायचं आणि पुढे किती जपायला हवं हे सांगायचं, आणि दोन्हीसाठी तब्येत बरी असतानाचा तुमचा स्वतःचा आकडा हाताशी हवा. तो आपण काढून ठेवू.

ऐकायला सोपं वाटलं. प्रत्यक्षात तो एक आकडा मिळवायला आम्हाला अडीच महिने लागले.

पहिल्यांदा ज्या लॅबला सॅम्पल गेलं तिथून रिपोर्ट आला ०.०३. आम्ही दोघं इतके खूश झालो, ६८ वरून थेट ०.०३, मुलाला फोन करून सांगितलं, रात्री शांत झोपलो. बुधवारी डॉक्टरांनी बघितलं आणि मान हलवली. कॅज्युअल्टीतलं होतं ट्रोपोनिन टी आणि हे होतं ट्रोपोनिन आय, एकच नाव वाटलं तरी दोन वेगळी प्रोटीनं, वेगळी मशीन, नॉर्मलची हद्द वेगळी. त्यात ते नॅनोग्रॅम पर लिटरमधे आणि हे पर मिलीलिटरमधे, म्हणजे ०.०३ म्हणजे खरं तर ३०. दोन्हींची तुलनाच होत नाही. रिपोर्टवर सगळं छापलेलं होतं, आम्ही वाचलं नव्हतं, आणि लॅबमधेही कोणी विचारलं नाही की मागचं कुठलं होतं. तेव्हापासून मी रिपोर्ट हातात आला की आकड्याच्या आधी टेस्टचं पूर्ण नाव आणि युनिट वाचते आणि हार्टची रक्तं एकाच लॅबला देते.

दुसऱ्यांदा सॅम्पल उशिरा घेतलं. गर्दीचा दिवस होता, मला मशीनला जोडून झालं आणि दीड तासाने सिस्टरना आठवलं की हिची रक्तं पाठवायची होती, त्यांनी लाईनमधूनच घेतलं. रिपोर्ट बघण्यासारखा सुंदर, पोटॅशियम ३.६, फॉस्फरस उतरलेलं, सगळं झकास. अर्थात निम्मी घाण मशीनने आधीच काढलेली. ते सगळं बाद करावं लागलं. हार्टची जी रक्तं असतात त्यातलीही काही डायलिसिसच्या गाळणीतून थोडी निघून जातात, आणि हेपरिन, म्हणजे मशीनमधे रक्त गोठू नये म्हणून देतात ते औषध, दिल्यावर ट्रायग्लिसराईड ही रक्तातली चरबी उतरते, म्हणून सॅम्पल घ्यायचं ते सुई टोचल्यावर लगेच, हेपरिनच्या आधी, मशीनला जोडण्याआधी. आणि शक्यतो आठवड्याच्या मधल्या सेशनला, लांब गॅपनंतर नको. मी आता त्या दिवशी स्वतःच हात पुढे करून सांगते, दादा आज आधी ट्यूब. पहिली सुई आत जाते, फिश्चुलाचं, म्हणजे डायलिसिससाठी हातात जोडून केलेल्या रक्तवाहिनीचं, रक्त जोरात येतं, जांभळ्या झाकणाची भरते, मग पिवळ्या झाकणाच्या दोन, प्रत्येकीवर नाव आणि वेळ लिहिलेली मी डोळ्यांनी बघते, मगच डोकं मागे टेकते.

तिसऱ्या वेळी सगळं जमलं. ट्रोपोनिन टी ५९. सहा आठवड्यांनी परत ६१. म्हणजे माझा घरचा आकडा ६० च्या आसपास.

त्याच वेळी एनटी-प्रोबीएनपी ही हार्टवरचा ताण दाखवणारी रक्ताची टेस्ट केली आणि ते आलं ११,४००. रिपोर्टवर बाजूला छापलेलं १२५ च्या आत. हे बघून सूनबाई रडायलाच लागली. पण ट्रोपोनिनचा धडा ताजा होता म्हणून मी तिला म्हटलं, थांब, आधी विचारू. हार्टच्या कप्प्याची भिंत ताणली गेली की हे रक्तात येतं, पाणी जास्त म्हणजे ताण जास्त, आणि याला बाहेर टाकायचं काम बरंचसं किडनीचं. ज्यांच्या किडन्या चांगल्या आहेत त्यांच्यातसुद्धा वयाप्रमाणे हद्द वाढवतात, अचानक दम लागून आलेल्यात पन्नाशीच्या आत ४५० ला हार्ट फेल्युअर धरतात तर पंचाहत्तरीनंतर १८०० ला. मग डायलिसिसवाल्यांचे आकडे हजारात असणारच. पण डॉक्टर म्हणाले, तुमचं यातलं काही नक्की पाण्यामुळे आहे, आपलं ५२ हे ड्राय वेटच चुकीचं आहे असं मला वाटतंय.

इथे खरी मेहनत होती. ड्राय वेट म्हणजे जास्तीचं पाणी काढून टाकल्यावरचं वजन, ते कुठे लिहून येत नाही, थोडं थोडं कमी करत शोधावं लागतं. दर आठवड्याला दोनशे ते तीनशे ग्रॅम खाली. मला पोटरीत असे गोळे यायचे की दात आवळून बसायचे, शेजारच्या बेडवरच्या ताई उठून माझा पाय दाबायला येऊ शकत नव्हत्या, त्याही मशीनला जोडलेल्या, त्या नुसतं म्हणायच्या, अंगठा वर ओढा, वर ओढा. दोनदा बीपी ९० च्या खाली गेलं, डोळ्यापुढे अंधारी आली, पाय वर करून सलाईन दिलं. एकदा मी चिडून म्हटलं, मला नको हे, होतं तेच बरं होतं. डॉक्टरांनी बीपीची गोळी डायलिसिसच्या सकाळी बंद केली, मशीनचं टेम्परेचर जरा कमी ठेवलं, सेशन अर्धा तास वाढवला, मग सहन व्हायला लागलं. माझ्याकडून पाणी पिणं आणि मीठ आवरायचं होतं, ते मी मन लावून केलं, कारण उपाय त्यातच आहे हे आता मला पटलं होतं. सात आठवड्यांनी वजन ५०.४ ला थांबलं आणि प्रोबीएनपी ६,८००. इको, म्हणजे हार्टची सोनोग्राफी, त्यानंतर केला, अंगात पाणी भरलेलं असताना केला असता तर हार्ट आहे त्यापेक्षा वाईट दिसलं असतं. भिंत जाड आहे, पंपिंग ५० टक्के आहे. जिना चढताना मधे थांबायचे ते बंद झालं, बीपीची एक गोळी कमी झाली.

कोलेस्टेरॉलबद्दल लिहायलाच हवं कारण सगळे तेच विचारतात. माझं एलडीएल, म्हणजे ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात ते, ७८. ज्याने त्याने अभिनंदन केलं. डॉक्टर मात्र म्हणाले, डायलिसिसवर कमी कोलेस्टेरॉल बघून निर्धास्त होऊ नका, डायलिसिसवाल्यांमधे ते बऱ्याचदा पोषण कमी आणि अंगात सूज, म्हणजे पाण्याची नाही तर आतला दाह, असल्याने उतरलेलं असतं, आणि अशांचं भवितव्य उलट जास्त काळजीचं असतं. स्टॅटिन या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळीचंही तसंच. २००५ मधे जर्मनीत डायबेटिस आणि डायलिसिस असलेल्या १,२५५ पेशंटवर केलेला अटोरवास्टॅटिनचा अभ्यास छापून आला, २००९ मधे रोसुवास्टॅटिनचा त्याहून मोठा आला, दोन्हीत एलडीएल छान उतरलं पण अटॅक आणि हार्टने होणारे मृत्यू म्हणावे तसे कमी झालेच नाहीत. म्हणून डायलिसिस सुरू झाल्यावर नव्याने स्टॅटिन सुरू करत नाहीत, पण आधीपासून चालू असेल तर बंदही करत नाहीत, केडिगो या किडनीच्या आजारांवरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची २०१३ ची गाईडलाईन तेच सांगते. माझी गोळी डायलिसिसच्या आधीपासूनची म्हणून चालू आहे, शेजारच्या ताईंना दिली नाही. त्यांना वाटत होतं आपल्याकडे दुर्लक्ष होतंय, त्यांना हे कारण कोणी सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं, मग त्यांनी स्वतः डॉक्टरांना विचारून खात्री करून घेतली.

त्या सुजेचं माप म्हणजे सीआरपी, ते माझं १८ आलं, आणि अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रोटीन ३.३, जे ४ च्या आसपास हवं. हे दोन आकडे मी याआधी कधी बघितलेच नव्हते, अल्ब्युमिन तर दर महिन्याच्या रिपोर्टमधे असायचं आणि आम्ही पान उलटायचो. डॉक्टरांनी त्यावरच बोट ठेवलं. म्हणाले, सीआरपी सारखं वर राहिलं तर रक्तवाहिन्या खराब होतात, भूक मरते, अल्ब्युमिन पडतं, कुठेतरी काहीतरी धुमसतंय ते शोधायचं. डायलिसिससाठी मानेत घातलेली नळी, म्हणजे कॅथेटर, तर तीन वर्षांपूर्वीच काढलेलं. पाय तपासले, फिश्चुला तपासला, छातीचा एक्सरे बघितला, कुठेच काही धुमसताना दिसलं नाही. शेवटी त्यांनी तोंड उघडायला सांगितलं. मागच्या दोन दाढा हलत होत्या, हिरड्यांतून दाबलं की पू यायचा, मला सवय झाली होती म्हणून मी कधी बोललेच नाही. डेंटिस्टने डायलिसिस नसलेल्या दिवशी, हेपरिनचा असर उतरलेला असताना दाढा काढल्या, हिरड्या साफ केल्या. दोन महिन्यांत सीआरपी ५ वर आलं. अल्ब्युमिन हळू चढतं, पाच महिन्यांनी ३.७ झालं. इतकी वर्षं हार्टची काळजी करत होते आणि तोंडातलं दुखणं अंगावर काढत होते, याची मला फार हळहळ वाटते.

फॉस्फरस आणि पीटीएच, म्हणजे कॅल्शियम-फॉस्फरस सांभाळणारं हार्मोन, आधीपासून बघत होतोच, ते हाडांसाठी असं मला वाटायचं. फॉस्फरस वर राहिलं की कॅल्शियमसकट ते रक्तवाहिन्यांच्या भिंतीत जाऊन बसतं, वाहिन्या कडक होतात, हे त्या एक्सरेत मला स्वतःला बघायला मिळालं, महाधमनीची कड खडूने गिरवल्यासारखी पांढरी. तेव्हापासून फॉस्फरस कमी करायची गोळी जेवणानंतर आठवली की घेतली असं करत नाही, घास खाता खाता घेते. एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी टेस्ट, आमच्यात फसवं असतं, रक्त वाढवायची इंजेक्शनं चालू असली की ते खरं आहे त्यापेक्षा कमी दिसतं, म्हणून घरी बोटाची शुगर बघते.

हे सगळे आकडे सूनबाईने एका कागदावर लिहून दिले. तारीख, ट्रोपोनिन टी ५९ आणि ६१, लॅब कुठली, प्रोबीएनपी, ड्राय वेट ५०.४, इको, आणि ईसीजीची एक झेरॉक्स. एक कागद माझ्या पर्समधे, एक यांच्या पाकिटात, फोटो दोघांच्या मोबाईलमधे.

अकरा महिन्यांनी एका शुक्रवारी डायलिसिस संपता संपता मला एकदम घाम फुटला. छातीत कळ नाही, जबड्यात नुसतं जड वाटत होतं आणि मळमळ. बीपी पडलं असेल म्हणून सलाईन दिलं, पण बीपी ११० होतं. सिस्टरनी ईसीजी काढला आणि माझ्या झेरॉक्सच्या शेजारी धरला, फरक त्यांनाच दिसला. कॅज्युअल्टीत नवीन डॉक्टर होते, यांनी पाकिटातून कागद काढून पुढे ठेवला. ट्रोपोनिन ८३. त्यांनी कागद बघितला, ६१, आणि तिथेच हार्टच्या डॉक्टरांना फोन केला. तीन तासांनी १३१.

अँजिओग्राफी मांडीतून केली, हाताच्या नसा फिश्चुलासाठी राखायच्या असतात म्हणून. डाव्या बाजूची एक वाहिनी ९० टक्के बंद होती, स्टेंट टाकला. मी शुद्धीवर होते, समोरच्या स्क्रीनवर रक्त परत पुढे पळताना दिसलं.

त्याला आता चार महिने झाले. रक्त पातळ व्हायच्या दोन गोळ्या वाढल्यात, त्यामुळे सुई काढल्यावर फिश्चुला पूर्वी दहा मिनिटं दाबून धरायचे ते आता वीस मिनिटं धरावा लागतो. जुना कागद आता चालणार नाही, अटॅकनंतर नवा आकडा पक्का करायला हवा असं डॉक्टर म्हणाले, मागच्या महिन्यात ७४ आला. एकावर भरवसा नाही, परत करायचा आहे. उद्या बुधवार आहे, ट्यूबवर लिहायला पेन मी घरूनच घेऊन जाते.